‘घरी न्या, सेवा करा’ म्हटल्यावर माणूस परत हॉस्पिटलात का जातो?

जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटला की आपण शिवनेरीवर जातो, नाणेघाटात जातो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतो. फार तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं जुनं आंबेगाव आठवतो. आजचा भाग तसा नाही. आज बोलायचंय ते पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री-अपरात्री पुण्याकडे निघालेल्या गाड्यांबद्दल. ज्या माणसाला डॉक्टरांनी ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून घरी पाठवलेलं असतं, तोच माणूस आठवड्याभरात परत त्याच रस्त्याने हॉस्पिटलला निघतो. असं का होतं? आणि हे कधीपासून होतंय?

खरं तर हा प्रश्न माझा नाही, माझ्या आजीचा आहे.

२०१९ साली मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आजोबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरल्यावर. पुण्यातल्या एका हॉस्पिटलने दोन-तीन आठवडे ठेवून घेतलं आणि मग ते वाक्य सांगितलं. आमचं गाव ओतूरच्या अलीकडे. आजोबा त्यानंतर ४६ दिवस जगले आणि त्या ४६ दिवसांत चार वेळा परत निघाले. हे आकडे मी नंतर काकांच्या मोबाइलमधला कॉल लॉग आणि बिलांची पिशवी समोर घेऊन जुळवले. सवय आहे, काय करणार.

पहिली फेरी दुखण्यामुळे. रात्री दीड वाजता कण्हणं सुरू झालं आणि थांबेना. तिथे इंजेक्शन दिलं, झोप लागली, दोन दिवसांनी घरी. दुसरी फेरी श्वासासाठी: ऑक्सिजन, सलाइन, परत घरी. तिसऱ्या फेरीला सहा दिवस संडास झाली नव्हती, पोट फुगलं होतं. शंभर किलोमीटर नेऊन एनिमा दिला, काम अर्ध्या तासात झालं. चौथ्या फेरीला पुन्हा श्वास. पहाटे निघालो आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, कंपन्यांच्या शिफ्टच्या बसेस चहूबाजूंनी असताना, ते गाडीतच गेले.

दहाव्याला सगळे पांगल्यावर आजीने मला विचारलं, “तिथं आसं काय व्हतं रे, जे हितं नव्हतं?”

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की तिचा प्रश्न भावनेचा नव्हता, तो यादीचा होता. तिथे काय होतं, इथे काय नव्हतं, आणि जे नव्हतं ते का नव्हतं. त्या ‘का’ला बराच मोठा इतिहास आहे.

सुरुवात उलट्या टोकापासून करू. कारण पुणे जिल्ह्यात एक काळ असा होता की आजारी माणसाला हॉस्पिटलात न्यायला नव्हे, तर हॉस्पिटलपासून लपवायला लोक धडपडत होते. ससून हॉस्पिटल १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, पण ज्याला दुसरा आसरा नाही त्याने तिथे जायचं, असाच समज पुढे कितीतरी वर्षं होता. मग १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि काही महिन्यांत पुण्यात आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरात शिरून रोगी शोधू लागले आणि सापडलेल्याला जबरदस्तीने प्लेगच्या इस्पितळात नेऊ लागले. लोकांनी माणसं माळ्यावर लपवली, मेलेल्यांना गुपचूप पुरलं. रँडचा शेवट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या चिडीमागे एक साधी भीती होती: तिकडे नेलेला माणूस परत येत नाही आणि शेवटच्या वेळी त्याच्या तोंडात पाणी घालायलाही आपण नसतो.

त्याच वर्षी, त्याच साथीत, दुसरंही एक चित्र आहे. हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तिथपर्यंत चालत गेल्या, त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. म्हणजे हॉस्पिटल या कल्पनेला लोकांचा विरोध होता असं सरसकट म्हणता येत नाही. न्यायला कोण येतंय आणि तिथे कोण बसलंय, यावर सगळं होतं.

मग हा विश्वास उलटा कधी झाला? एका दिवसात नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली. पुढे नर्सबाई आल्या, लसी आल्या, टीबीच्या गोळ्या आल्या. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, जामखेडला, १९७० पासून रजनीकांत आणि मॅबेल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने खेड्यातल्या निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजींनी शिरूर तालुक्यातल्या वढूला असंच काम उभं केलं. हे सगळं काम खरोखर मोठं आहे. बाळंतपणात बायका मरायच्या त्या वाचल्या, पोरं जगली.

पण ही सगळी यंत्रणा कशाभोवती रचली होती ते बघा. गरोदरपण, जन्म, लस, कुटुंबनियोजन, साथी. प्राथमिक केंद्राच्या भिंतीवर या सगळ्याचे तक्ते असतात. २००५ नंतर आशाताई आल्या, त्यांच्या वहीतही सुरुवातीला हेच रकाने. मरणाचा रकाना कुठेच नव्हता. हे कुणी मुद्दाम केलं नाही. लोक तरुण वयात, चटकन मरत होते, तेव्हा मरण टाळणं हेच काम होतं. महिनोन्‌महिने हळूहळू मरणं, म्हणजे कॅन्सर, निकामी झालेली किडनी, अर्धांगवायू, थकलेलं हृदय, हे आपल्या गावांत मोठ्या प्रमाणावर आलं ते नंतर.

तोवर घरातल्या मरणाचं जुनं ज्ञान मात्र पातळ होत गेलं. आजीच्या पिढीला माहीत होतं की घरघर लागली की भुईवर घ्यायचं, तुळशीपत्र आणि पाणी द्यायचं, कुशीवर वळवायचं, कुणाकुणाला निरोप धाडायचा. माझ्या काकांच्या पिढीला एकच गोष्ट माहीत होती: गाडी काढा. मी त्यांना नावं ठेवत नाही. पन्नास वर्षं आपण गावाला शिकवलं की अंगावर काढू नका, वेळेत दवाखाना गाठा. ते शिकले. आता अचानक एका आजारापुरतं ‘नेऊ नका’ म्हणायचं, तर ते कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं की नाही? ‘सेवा करा’ या दोन शब्दांत ते मावत नाही.

आता हॉस्पिसकडे येऊ. हा शब्द आपल्याकडे अजून रुळलेला नाही, पण हॉस्पिटल आणि हॉस्पिस ही एकाच घरातली भावंडं आहेत, दोन्ही लॅटिनमधल्या पाहुणा-यजमान या अर्थाच्या शब्दावरून आलेली. आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणाल तर धर्मशाळा. आणि गंमत बघा, टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांनी जिथे रात्री काढल्या ती दादरची धर्मशाळा गाडगे महाराजांच्या नावाची. बाबा स्वतः २० डिसेंबर १९५६ ला गेले ते अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी. रस्त्यातच.

आधुनिक हॉस्पिसची गोष्ट लंडनची आहे. सिसिली साँडर्स नावाची बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला निर्वासित तिच्या देखरेखीखाली वारला आणि जाताना तिच्या भावी संस्थेसाठी ५०० पौंड ठेवून गेला. संस्था उभी राहायला १९६७ उजाडलं. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस. तिचं म्हणणं असं की दुखणं फक्त शरीराचं नसतं, पैशाची काळजी, घरच्यांची काळजी, अपराधीपणा, सगळं मिळून एक दुखणं तयार होतं. आणि औषधाच्या बाबतीत ती काटेकोर होती: दुखायला लागल्यावर मॉर्फिन द्यायचं नाही, दुखण्याआधी, घड्याळ लावून द्यायचं. रोग्याने मागायची वेळच येऊ द्यायची नाही.

मला यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९६९ साल. दोनच वर्षांत त्यांच्या नर्सेस घरोघरी जाऊ लागल्या. म्हणजे हॉस्पिसची इमारत झाली आणि लगेच ती इमारत सोडून बाहेर पडली. आपल्याकडे इमारत आली, बाहेर पडणं बऱ्याच ठिकाणी राहूनच गेलं.

इमारत आली ती १९८६ मध्ये. वांद्र्याला माउंट मेरीजवळ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस ते हेच. पुढे गोव्यातही त्यांची शाखा झाली. १९९६ च्या सुमारास टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी ॲन मुकादन यांच्या पुढाकाराने या कामाचा वेगळा विभाग आकाराला आला. १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर सुरू झालं, जिथे रोग्यासोबत घरचं माणूस राहतं, पैसे घेत नाहीत आणि घरच्यांना शिकवून परत पाठवतात. चांगलं काम. पण आमच्या ओतूरहून वारजे म्हणजे पुन्हा शंभरच्या वर किलोमीटर, तोच चाकणचा चौक ओलांडून.

आणि इथेच आजीच्या यादीतली पहिली वस्तू येते. तिथे मॉर्फिन होतं. इथे नव्हतं. का?

१९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थविरोधी कायदा केला, एनडीपीएस. हेतू गर्द-हेरॉइनचा धंदा मोडायचा होता. त्यात मोठ्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पण मॉर्फिन अफूपासूनच बनतं, त्यामुळे ते त्याच जाळ्यात सापडलं. औषध ठेवायचं तर परवाने एक नाही, अनेक, वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या मुदतीचे. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात येत नाही. नोंदवहीत दोन गोळ्यांचा घोळ झाला तरी भीती तुरुंगाची. कुठला मेडिकलवाला या भानगडीत पडेल? सगळ्यांनी ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मध्ये वर्षाला पाचशे किलोंच्या वर होता, तो १९९७ मध्ये १८ किलोंवर आला. अठरा किलो. अख्ख्या देशाला. कायदेशीर अफू पिकवणारे जे मोजके देश आहेत त्यांत आपण आहोत, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि मंदसौर-नीमचच्या शेतातलं ते औषध आपल्याच माणसांना मिळत नव्हतं.

यातून आणखी एक नुकसान झालं, जे कायदा बदलूनही भरून येत नाही. १९८५ नंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या अख्ख्या पिढीने मॉर्फिन हातात धरलंच नाही. त्यांना त्याचा डोस माहीत नाही, भीती तेवढी माहीत आहे. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. कागदावर दार उघडलं. पण दार उघडलं म्हणजे कुणी आत आलं असं नाही. तीस वर्षं जे औषध लिहिलं नाही ते तालुक्याच्या ठिकाणी उद्यापासून कोण लिहिणार? आजोबांना गावात जी गोळी मिळाली ती मधल्या ताकदीची होती. ती दुखणं पुरतं थांबवत नव्हती आणि पोट मात्र बांधून टाकत होती. त्या गोळीसोबत जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं असतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. म्हणजे तिसरी फेरी, ती एनिमाची, एका बाटलीच्या अभावी झाली. श्वास लागतो तेव्हासुद्धा अगदी थोड्या मॉर्फिनने घुसमट कमी होते, उशा लावून बसतं करून चेहऱ्यावर पंखा सोडला तरी बरं वाटतं. आमच्याकडे टेबल फॅन होता. कांद्याच्या चाळीत ठेवलेला.

यादीतली दुसरी वस्तू: तिथे रात्री जागं कुणीतरी होतं.

हे ऐकायला साधं वाटतं, पण अमेरिकेने हॉस्पिसचा कायदा केला तेव्हा नेमकं हेच धरलं. १९८२ मध्ये त्यांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात हॉस्पिस आलं. अट अशी की दोन डॉक्टरांनी सांगायचं, आजार आपल्या चालीने गेला तर सहा महिन्यांच्या आतलं आयुष्य आहे. मग संस्थेने नर्स, डॉक्टर आणि औषधं चोवीस तास उपलब्ध ठेवायची. घरी फारच बिघडलं तर काही काळ सलग नर्स घरी बसेल, त्याचा वेगळा दर. घरचे थकले तर रोग्याला थोडे दिवस आत ठेवून त्यांना विश्रांती. आणि संस्थेच्या सगळ्या रोग्यांचे मिळून आत ठेवलेले दिवस एकूण दिवसांच्या २० टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. म्हणजे काळजी मुख्यतः घरातच झाली पाहिजे हे हिशेबातच घातलं. त्यांची व्यवस्था आदर्श आहे असं नाही, तिथे यात नफेखोरी शिरली आणि त्यावर भरपूर बोललं गेलंय. पण तिथल्या अभ्यासांत हॉस्पिसमध्ये नाव घातलेल्यांचं हॉस्पिटलात परत जाणं कमी दिसतं. २०१३ मध्ये बार्बरा गोम्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले २३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा असली तर घरीच शेवट होण्याची शक्यता दुपटीच्या वर जाते असं निघालं.

आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि सहकाऱ्यांनी मेडिकल कॉलेजमध्ये पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की माणसं दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मग शेजारपाजारचे लोक, रिक्षावाले, निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं यांना शिकवून गल्लीगल्लीत गट उभे केले. २००८ मध्ये केरळ सरकारने धोरण केलं आणि पुढे पंचायतीच्या पैशातून घरोघरी नर्स जाऊ लागली. २०२२ मध्ये लॅन्सेटच्या मृत्यूविषयीच्या आयोगाने जगाला दाखवायला म्हणून जे उदाहरण घेतलं ते केरळचं. आपल्याकडे राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ पासून आहे, पण तो जिल्हा रुग्णालयाच्या खाली किती उतरला हा प्रश्नच आहे.

जुन्नर-आंबेगावात रात्री काय असतं ते सांगतो. जुन्नर, नारायणगाव, घोडेगावला ग्रामीण रुग्णालयं, मंचरला उपजिल्हा रुग्णालय, आणि २०१४ पासून १०८ ची गाडी. गाडी येते, चांगली येते. पण १०८ चं कामच मुळी उचलून नेण्याचं आहे. घरी थांबून इंजेक्शन देऊन ‘नेऊ नका, मी सकाळी परत येते’ असं म्हणणारं माणूस तिच्यात बसलेलं नसतं. आणि गावातली नर्स यायला तयार असली तरी उसाच्या कडेने रात्री दोन वाजता एकटी कशी येणार? बिबट्याचं आपल्याकडे काय चाललंय हे बाहेरच्या श्रोत्यांना वाटेल गमतीचं, पण माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकरच्या किंवा घाटघरच्या बाजूला, पावसाळ्यात तर रस्ताच असेल याची खात्री नाही. २०१४ चं माळीण आपण विसरलेलो नाही.

पैशाचं गणितही असंच एका बाजूला कललेलं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. हजारो घरं या योजनेने कर्जातून वाचवली, आमचंही ऑपरेशनचं बिल तिच्यातून गेलं. पण योजना चालते ती ॲडमिट झाल्यावर. घरी पलंगाशी केलेल्या सेवेचं पॅकेज नाही. मग घरच्या माणसाने काय करावं? जिथे पैसे मिळतात तिथे तो माणूस नेतो.

तिसरी गोष्ट यादीत घालावी की नाही, मला माहीत नाही, कारण ती वस्तू नाही. तिथे गेलं की कुणी विचारत नाही, ‘तुम्ही काही केलं नाही का?’ आमच्या चौथ्या फेरीचं खरं कारण हे होतं. आजोबा स्वतः नको म्हणत होते. काकूही नको म्हणत होती. पण पहाटे चुलत घराण्यातले चार लोक अंगणात येऊन उभे राहिले आणि काकांनी चावी घेतली. त्या क्षणी काकांच्या हातात ‘न्यायचं नाही असं ठरलंय’ असा एकही कागद नव्हता. हातात जो कागद होता त्यावर लिहिलं होतं की नातेवाइकांनी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेला. डॉक्टरांनीच घरी न्या म्हटलं, आणि सही आमची घेतली.

हा कागद एका हॉस्पिटलचा दुष्टपणा नाही, त्यालाही इतिहास आहे. उपचार थांबवणं कायद्यात कुठे बसतं याचं उत्तर आपल्याकडे फार उशिरा मिळालं. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग १९७३ पासून बेशुद्धावस्थेत होत्या. त्यांच्या निमित्ताने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालय पहिल्यांदा नीट बोललं. ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने माणसाला आधीच लिहून ठेवायचा हक्क दिला, पण त्यात न्यायदंडाधिकाऱ्याची सही वगैरे इतकं होतं की कुणी वाटेला गेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत ते सोपं झालं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. तोवर डॉक्टरांना पोलिसांची भीती, म्हणून ‘सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ ही पळवाट देशभर रूढ झाली. त्या पळवाटेची किंमत अशी की घरी निघालेल्या माणसासोबत औषधांची यादी नसते, फोन नंबर नसतो, आणि कागदोपत्री तो कुणाचाच पेशंट उरत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परत जाणं दर वेळी चूकच असतं असं नाही. रक्तस्राव सुरू झाला, हाड मोडलं, पोटात पाणी भरून श्वास दबला, लघवी अडली, तर नेलंच पाहिजे. अमेरिकेत २०१२ पासून तीस दिवसांत परत आलेल्या पेशंटपायी हॉस्पिटलला दंड लागू झाला, आधी हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियासाठी. तेव्हापासून तिथे हा आकडा कमी करायची अशी घाई लागली की ज्याला खरंच परत यायला हवं त्याचं काय, ही चर्चा सुरू झाली. आपल्याकडे अडचण उलटी: आपण मोजतच नाही. आजोबा पहिल्यांदा पुण्यात, दुसऱ्यांदा नारायणगावला, तिसऱ्यांदा पुण्यातच पण दुसरीकडे. तिन्ही ठिकाणी नवा केसपेपर. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तीन टेबलं आणि जोडायला एकही की नाही. त्यामुळे कुठल्याच रजिस्टरमध्ये आजोबा ‘परत आलेले’ नाहीत. चौथ्या फेरीची तर नोंदच नाही, कारण ती पोहोचली नाही.

मी हे सगळं मागच्या महिन्यात गावी आजीला सांगितलं. अमेरिका आणि लंडन तिने सोडून दिलं. अफूचं मात्र दोनदा विचारलं, आणि त्या जुलाबाच्या बाटलीचं ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझं आत्ताच लिहून ठिवा.”

तर आम्ही लिहिलं. जुन्नरला जाऊन नोटरी केला, दोन साक्षीदार नेले. फॉर्ममध्ये व्हेंटिलेटर लावायचा का, नळीने अन्न द्यायचं का, तिच्या वतीने कोण बोलणार, हे सगळं आहे. आजीने प्रत्येक रकाना वाचून घेतला आणि शेवटी विचारलं, रात्री फोन कुणाला करायचा ते कुठं लिहिलंय? तो रकाना त्यात नाही. मग काकूने तिच्या कॉपीच्या पाठीमागे पेनाने तीन नंबर लिहिले: एक माझा, एक नारायणगावच्या डॉक्टरांचा, आणि एक शेजारच्या वस्तीवरच्या निवृत्त नर्सबाईंचा. डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. नर्सबाई हो म्हणाल्यात, फक्त रात्री त्यांना आणायला मोटरसायकल पाठवावी लागेल.